काळ्या-पांढऱ्याच्या मधला मुलुख

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून सकाळी टिपलेलं एखादं कृष्णधवल छायाचित्र डोळ्यांसमोर आणा. पायाखालचा कडा जवळजवळ काळा. त्यामागची डोंगरधार जराशी फिकी. तिच्यामागची आणखी फिकी. असं करत करत शेवटची धार आकाशात नेमकी कुठे विरून गेली, हे बोट ठेवून सांगताच येत नाही. हे चित्र चांगल्या इंकजेट प्रिंटरवर छापून घ्या आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग त्यातल्या फिक्या डोंगरावर धरा.

डोंगर नाहीसा झाला! धुकंही गेलं. आणि तो सुंदर करडा रंग? तोही नाही. भिंगाखाली आहेत फक्त ठिपके आणि त्यांच्यामधून डोकावणारा कोरा कागद. प्रिंटर साधा चार शायांचा असेल तर त्या ठिपक्यांत निळसर, किरमिजी आणि पिवळेसुद्धा सापडतील. भिंग बाजूला करा, डोंगर परत जागेवर!

मग करडा रंग होता तरी कुठे?

प्रिंटरच्या बाजूने विचार करून बघा. त्याच्या हातात एकच गोष्ट आहे: थेंब टाकायचा किंवा नाही टाकायचा. फार तर दोन-तीन मापांचे थेंब टाकता येतात. 'अर्धा काळा' थेंब साध्या प्रिंटरकडे नसतो. मात्र थेंब किती लहान असावा? फोटो छापणाऱ्या प्रिंटरचा थेंब साधारण साडेतीन पिकोलिटरचा धरला, तर चहाच्या एका चमच्यात, म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये, असे सुमारे १४० कोटी थेंब मावतात. भारतातल्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला एकेक! हवेतून जाताना त्या थेंबाची जाडी १९ मायक्रॉनच्या आसपास असते, आपल्या केसाच्या पाव हिश्श्याइतकी.

आता डोळ्याकडे या. हातभर अंतरावर धरलेल्या कागदावरचे दोन ठिपके एकमेकांपासून मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून जवळ आले, की आपल्याला ते वेगळे दिसेनासे होतात. तेवढ्याशा चौकोनात, इंचाला १४४० ठिपके या हिशेबाने, प्रिंटरला थेंब टाकायच्या तीसेक जागा मिळतात. त्यातल्या पाच भरल्या तर डोळा म्हणतो, फिकट करडा. वीस भरल्या तर गडद करडा. कागदावर करडा नसतोच. तो प्रत्येक वेळी पाहणाऱ्याच्या डोळ्यात नव्याने तयार होतो.

पण तीस जागांपैकी नेमक्या कोणत्या पाच भरायच्या? ओळीत भरल्या तर जाळीसारखी नक्षी उमटेल. वाटेल तशा भरल्या तर कुठे गर्दी, कुठे ओसाड, आणि आकाशाला चुरचुरीत पोत येईल. या प्रश्नाचं एक अतिशय देखणं उत्तर रॉबर्ट फ्लॉइड आणि लुइस स्टाइनबर्ग या दोघांनी १९७६ साली प्रसिद्ध केलं. ते इतकं सोपं आहे की कागद-पेन्सिल घेऊन करून पाहता येतं.

समजा ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. चित्रातल्या एका बिंदूची खरी किंमत आहे १००. आपल्याला निवड दोनच गोष्टींची: काळा ठिपका किंवा कोरी जागा. १०० हा आकडा ०च्या जवळचा, म्हणून काळा ठिपका टाकला. पण मग १००ची उधारी राहिली! आपण त्या जागेला हवा होता त्यापेक्षा जास्त काळोख दिला. ही उधारी शेजाऱ्यांना वाटून द्यायची. सोळा भाग करायचे. सात भाग उजवीकडच्या बिंदूला, पाच भाग बरोबर खालच्याला, तीन खाली डावीकडच्याला, एक खाली उजवीकडच्याला. आता उजवीकडचा शेजारीही मुळात १००चाच होता. त्याला साधारण ४४ मिळाले आणि तो झाला १४४. हा आकडा २५५च्या जवळचा, म्हणून तिथे कोरी जागा सोडली. आता उलट झालं, प्रकाश १११ने जास्त दिला गेला. तीही उधारी पुढे सरकवली. असं बिंदूमागून बिंदू, ओळीमागून ओळ. प्रत्येक ठिकाणी चूक होतेच आहे, आणि तरी ती कुठेही साचत नाही. कोणताही लहानसा तुकडा उचलून त्याची सरासरी काढा, ती १००च्या आसपासच येते.

आजच्या प्रिंटरमधले हिशेब याहून बारकाईचे असतात. १९८०च्या दशकात रॉबर्ट युलिच्नी यांनी दाखवून दिलं की ठिपके डोळ्याला सर्वांत कमी टोचतात ते कसे मांडले तर: नेम नसलेले, पण एकमेकांपासून ठरावीक अंतर राखून असलेले. आणि त्याच दशकात, १९८३ साली, जॉन यलट यांनी माकडाच्या दृष्टिपटलावरच्या प्रकाशपेशींची मांडणी तपासली. मध्यभागाच्या बाहेर त्या पेशी कशा पसरलेल्या निघाल्या? नेम नसलेल्या, पण एकमेकींपासून अंतर राखून! छापताना चांगली दिसणारी ठिपक्यांची रचना आणि पाहणाऱ्या डोळ्याची रचना एकमेकींच्या इतक्या जवळ यावी, हे वाचलं की मला अजूनही अंगावर काटा येतो.

इतकं सगळं नीट जमूनही छापलेल्या आकाशात पट्टे का पडतात? कड्याच्या सावलीतलं गवत का नाहीसं होतं? करड्यावर हिरवी झाक कुठून येते? कारण प्रिंटर हा या प्रवासातला शेवटचा मुक्काम आहे. बरीचशी दुखणी चित्र तिथवर पोचण्याआधीच जडलेली असतात.

पट्ट्यांपासून सुरुवात करू. नेहमीच्या आठ बिटांच्या रंगीत फाइलमध्ये लाल, हिरवा आणि निळा या प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या असतात. तिघांचा गुणाकार केला की १ कोटी ६७ लाखांहून जास्त रंग होतात. आता सांगा, त्यातले शुद्ध करडे किती असतील? तिन्ही आकडे सारखे असले तरच रंग करडा होतो. म्हणजे काळा आणि पांढरा धरून फक्त २५६! पावणेदोन कोटींच्या वस्तीतली एवढीच घरं आपल्या मालकीची. कृष्णधवल छपाई रंगीत छपाईपेक्षा अवघड का, याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. रंगीत चित्रात आकाशाचा निळा बदलताना तीन आकडे वेगवेगळ्या ठिकाणी पायरी ओलांडतात, त्यामुळे कुणाची पायरी ठळक दिसत नाही. करड्यात तिन्ही एकाच वेळी एकाच जागी पायरी उतरतात.

आपल्या चित्रातलं आकाश वरपासून धुक्यापर्यंत समजा तीस पायऱ्यांत उजळतं आणि चित्र ४५ सेंटिमीटर उंच छापायचं आहे. आकाशाने सगळी उंची व्यापली असेल, तर एकेक पायरी दीड सेंटिमीटरची होईल. शेजारच्या दोन पायऱ्यांतला फरक एवढा किरकोळ असतो की तेवढ्यावर बहुधा निभावतं. पण आकाश जरा नाट्यमय व्हावं म्हणून तुम्ही संगणकावर त्याचा कॉन्ट्रास्ट दुप्पट केलात. नव्या पायऱ्या येणार कुठून? आहेत त्याच तीस पायऱ्या एकमेकींपासून दुप्पट लांब जातात आणि मध्ये रिकाम्या फटी राहतात. हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या छटेचे किती बिंदू आहेत हे दाखवणारा आलेख, उघडून पाहिलात तर तो सलग टेकडीसारखा न दिसता दात पडलेल्या फणीसारखा दिसेल. हाच तो पट्ट्यांचा उगम.

आणि इथे डोळा आगीत तेल ओततो. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ साली वर्णन केलेली ही गंमत आहे. सपाट करड्या रंगाच्या दोन पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवा. जिथे त्या भेटतात, तिथे फिकी पट्टी आणखी फिकी आणि गडद पट्टी आणखी गडद भासते. मोजमापाच्या यंत्राला यातलं काही दिसत नाही. आपल्या दृष्टिपटलात मात्र उजेड पडलेला भाग शेजारच्या भागाचा आवाज दाबतो, आणि त्यामुळे कड जास्त उठून दिसते. केफर हार्टलाइन यांनी हॉर्सशू क्रॅब नावाच्या समुद्री जीवाच्या डोळ्यात ही दाबादाबी प्रत्यक्ष मोजून दाखवली. दृष्टीवरच्या कामासाठी १९६७चं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांतले ते एक. जंगलात झाडाच्या खोडापासून वाघ वेगळा ओळखायला ही युक्ती फार मोलाची. पण आकाशातली एक टक्क्याची पायरीसुद्धा ती रेघ ओढल्यासारखी दाखवते.

उपाय काय? पायऱ्या मुळातच भरपूर ठेवायच्या. कॅमेऱ्याची रॉ फाइल १२ किंवा १४ बिटांची असते; १४ बिट म्हणजे १६,३८४ पायऱ्या. ती १६ बिटांमध्येच उघडायची, उजेड-सावलीची सगळी ओढाताण तिथेच उरकायची, आणि आठ बिटांवर यायचंच असेल तर अगदी शेवटी यायचं. आधी आठ बिटांची जेपेग करून मग तिला १६ बिटांची करण्यात काही अर्थ नाही. रिकाम्या फटी रिकाम्याच राहतात.

दुसरा उपाय पहिल्यांदा ऐकताना उलटाच वाटतो: चित्रात थोडी कचकच मुद्दाम मिसळायची! एमआयटीमधल्या लॉरेन्स रॉबर्ट्स या विद्यार्थ्याने हे सुचवलं आणि १९६२ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. पायऱ्या पाडण्याआधी प्रत्येक बिंदूत बारीकसा, नेम नसलेला चढउतार मिसळला, तर पायरीची सरळ कड फुटते. सीमारेषेवरचे काही बिंदू वरच्या पायरीवर जातात, काही खालच्या. डोळा पुन्हा सरासरी काढतो आणि पट्टा विरून जातो. बिघाड घालून बिघाड काढला! हाच रॉबर्ट्स पुढे आर्पानेट उभारणाऱ्यांमधला प्रमुख झाला, म्हणजे आजच्या इंटरनेटच्या पूर्वजाचा एक जनक. जुन्या फिल्मवरच्या आकाशात असे पट्टे का दिसत नसत, हेही आता कळेल. चांदीचे दाणे ही कामगिरी न सांगता बजावत होते. म्हणून गुळगुळीत डिजिटल आकाशात हलकासा ग्रेन मिसळायला कचरू नका.

आता कड्याच्या सावलीत उतरू. तिथली अडचण कॅमेऱ्याच्या सेन्सरच्या प्रामाणिकपणातून येते. प्रकाश दुप्पट पडला की सेन्सरचा आकडाही दुप्पट. डोळ्याचं तसं नाही. पडलेल्या प्रकाशापैकी फक्त १८ टक्के परत फेकणारा कागद आपल्याला काळ्या आणि पांढऱ्याच्या बरोबर मधला वाटतो! पाचव्या हिश्श्याहूनही कमी उजेड, आणि मन म्हणतं 'अर्धा'. हा फरक सावल्यांना फार महागात पडतो.

१२ बिटांच्या सेन्सरकडे ४,०९६ पायऱ्या आहेत. छायाचित्रकार प्रकाशाच्या प्रत्येक दुपटीला स्टॉप म्हणतात; सर्वांत उजळ स्टॉप एकटाच त्यातल्या निम्म्या, म्हणजे २,०४८ घेऊन जातो. त्याखालच्या स्टॉपला १,०२४. मग ५१२, २५६, १२८. सहाव्या स्टॉपपर्यंत येताना उरतात ६४ आणि सातव्यात ३२. धुक्याला हजारो पायऱ्या आणि कड्यावरच्या गवताला बत्तीस! मग घरी येऊन ती सावली उजळायला गेलं की त्या बत्तीस ताणल्या जातात आणि गवताऐवजी चिखल दिसतो. म्हणून जाणते छायाचित्रकार फोटो काढतानाच शक्य तेवढा जास्त प्रकाश घेतात आणि गडदपणा नंतर आणतात.

शक्य तेवढाच, कारण दुसऱ्या टोकाला दरी आहे. वारीत उन्हात उभ्या असलेल्या वारकऱ्याचा पांढराशुभ्र सदरा घ्या. त्याच्या खांद्यावर सेन्सर एकदा शेवटच्या पायरीला टेकला, की कापडाची वीण, चुण्या, शिवण, सगळं कायमचं गेलं. छापताना तिथे एकही थेंब पडत नाही. चकचकीत कागदावर तर ती जागा तिरक्या उजेडात वेगळीच चमकते, जणू चित्राला भोक पडलंय. म्हणून छापणारे सर्वांत उजळ तपशील २५५पर्यंत जाऊ देत नाहीत. २४८-२५०च्या आसपास थांबवतात, म्हणजे विरळ का होईना, शाईचे ठिपके पडतात आणि सदरा कापडाचा वाटतो.

रंगातून करडा काढतानाही अशीच एक फसगत टपलेली असते. आपल्या डोळ्याच्या उजेडाच्या हिशेबात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. नेहमीचं रूपांतर याच वाट्यांनी होतं. परिणामी गुलमोहराची लालभडक फुलं आणि हिरवी पानं सहज एकाच करड्यात येऊन बसतात आणि अख्खं झाड मुकं होतं. लाल थोडा वर, हिरवा थोडा खाली केला की फुलं परत उमलतात. मात्र आकाश काळंभोर करण्यासाठी निळ्याची पट्टी टोकापर्यंत ओढण्याचा मोह आवरा. निळ्या भागातली माहिती बहुधा सर्वांत खरखरीत असते. जोर लावला की ती फाटते आणि डोंगराच्या कडेने पांढरी झालर उमटते.

ही माहिती खरखरीत का, याच्याही मागे एक माणूस आहे. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूला लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग दिसतो. बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून ताडायचे असतात. या चौकटीत निम्मे बिंदू हिरवे, पाव लाल, पाव निळे. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी ही मांडणी शोधली. तिचं पेटंट १९७६चं. त्याच बायर यांनी १९७३ साली करड्या छटांचं ठिपक्यांत रूपांतर करण्याची एक नामांकित पद्धत मांडली होती. चित्र पकडणारी जाळी आणि चित्र ठिपक्यांत उतरवणारी जाळी, दोन्हीवर एकाच माणसाची सही!

आता कागद. पडद्यावर झळाळणारं चित्र कागदावर मरगळलेलं का येतं? साध्या चांगल्या मॉनिटरचा सर्वांत उजळ पांढरा त्याच्या काळ्याच्या हजारपट उजळ असतो. कागदाला स्वतःचा उजेड नाही. मॅट कागदावरची काळीकुट्ट शाईसुद्धा पडलेल्या प्रकाशापैकी अडीच टक्के परत पाठवते. कागदाचा पांढरा नव्वदच्या आत-बाहेर. म्हणजे एकूण फरक सुमारे ३५पट, छायाचित्रकाराच्या भाषेत जेमतेम पाच स्टॉप. उत्तम चकचकीत कागदावर काळा अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरतो आणि पल्ला सात स्टॉपपर्यंत जातो. सह्याद्रीतली उन्हाची सकाळ सहज दहा स्टॉपची असते. तिला पाच स्टॉपच्या घरात राहायला बोलावायचं आहे!

सगळ्यांना सारखं दाबलं तर चित्र धुरकट होतं. कुणाला किती जागा द्यायची हे ठरवावं लागतं, आणि छपाईतला खरा विचार इथेच आहे. हा विचार मोजून करण्याची सुरुवात इंग्लंडमधल्या विडनेस या रसायनांच्या गावात झाली. फर्डिनंड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड या दोन मित्रांनी १८९० साली दाखवून दिलं की प्रकाश आणि काळेपणा यांचा आलेख सरळ रेषेत जात नाही. तो पायथ्याशी रेंगाळतो, मध्ये चढतो, माथ्यावर पुन्हा सपाट होतो. फिल्मचा हा वळणदार आलेख दोन्ही टोकांना हळुवार वागायचा. डिजिटल फाइल टोकाला गेली की एकदम तुटते, म्हणून ते वळण आता आपल्यालाच कर्व्हच्या साहाय्याने द्यावं लागतं.

आणि शाई पसरते! मॅट कागदाच्या तंतूंमध्ये थेंब झिरपतो, ठिपका फुगतो, शेजारच्या ठिपक्याला टेकतो. हे घरच्या घरी पाहायचं असेल तर २१ चौकोनांची पट्टी छापा: पहिला कोरा, मग ५ टक्के काळा, १० टक्के, असं करत शेवटचा १००. प्रिंटरशी जुळणी न केलेल्या कागदावर ८५, ९०, ९५ आणि १०० हे चौकोन बहुतेक वेळा एकजीव झालेले दिसतात. जुळणी नसेल तर संगणकात वेगळ्या असलेल्या चार छटा कागदावर एकच होतात. कड्यावरचं गवत नेमकं तिथे बुडालेलं असतं. मोजणीयंत्र असेल तर प्रत्येक चौकोनाचा काळेपणा मोजून त्या कागदाचं स्वतंत्र प्रोफाइल बनवता येतं. नसेल तर डोळे पुरेत. शेवटून पहिला वेगळा ओळखू येणारा चौकोन कोणता ते पाहा आणि चित्रातल्या महत्त्वाच्या सावल्या त्याच्या वर उचला. मला विचाराल तर कागद बदलण्याआधी ही पट्टी छापावी. महागडा कागद आणून त्यावर बुडालेल्या सावल्या छापण्यापेक्षा साध्या मॅट कागदाचा स्वभाव ओळखून केलेली प्रिंट कितीतरी सुंदर येते. काळा अगदी काजळासारखाच हवा, हा आग्रहही सोडून द्यावा. त्या काळ्याच्या वर दोन-तीन दिसणाऱ्या पायऱ्या असल्या, की डोळा त्यालाच काजळ मानतो.

'प्रिंट काळपट आली' या तक्रारीचं कारण पुष्कळदा प्रिंटरमध्ये नसतंच. मॉनिटर दुकानातल्यासारखा लखलखीत ठेवलेला असतो, आणि त्यावर पाहून माणूस चित्र गडद करत जातो. पडद्याचा उजेड चौरस मीटरला शंभरेक कँडेलावर आणला की निम्मं भांडण मिटतं.

राहिली ती झाक. चार शायांच्या प्रिंटरमध्ये करडा बनतो तो निळसर, किरमिजी आणि पिवळ्याच्या तोलातून. यातला एक रंग केसभर जास्त झाला, की डोळा लगेच ओळखतो. लाल रंग थोडा बदलला तर आपण चालवून घेतो, पण करड्यात रंगाचा स्पर्शही खपत नाही. २०००च्या आसपासच्या पिगमेंट शायांच्या प्रिंटरांनी तर कमालच केली. तीच प्रिंट खिडकीपाशी हिरवट दिसायची आणि पिवळ्या बल्बखाली गुलाबी! शाई बदलली नव्हती. बदलला होता तो तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशातला रंगांचा वाटा. तीन रंगांचा तोल एका प्रकाशात साधला, तरी दुसऱ्या प्रकाशात तो टिकेलच असं नाही.

निखळ करड्याचा शोध त्याआधीच गांभीर्याने घेणाऱ्यांत एक गायक होता. क्रॉस्बी, स्टिल्स अँड नॅश या गाजलेल्या चमूतला ग्रॅहम नॅश. छायाचित्रणाचं त्याला वेड. छापखान्यात रंगीत नमुने काढण्यासाठी बनवलेलं आयरिस ३०४७ हे यंत्र त्याने १,२६,००० डॉलर मोजून घेतलं, आपली कृष्णधवल चित्रं त्यावर छापली, आणि १९९१ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच या शहरात नॅश एडिशन्स ही छपाईची कार्यशाळा सुरू केली. ते यंत्र आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. पुढे व्हरमाँटमधल्या जॉन कोन यांनी वेगळाच रस्ता धरला: रंगीत शाया काढूनच टाका, त्यांच्या जागी काळ्याच्याच फिक्या-गडद शाया भरा! करडा आता तोलातून बनवायचा नव्हता. तो बाटलीतूनच करडा येत होता. २००५ साली एप्सनने के-थ्री शायांमध्ये तीन पातळ्यांचे काळे एकत्र आणले आणि ही सोय नेहमीच्या फोटो-प्रिंटरपर्यंत पोचली. फिक्या काळ्याचा दुसरा फायदा धुक्यात दिसतो. गडद शाईचे विरळ ठिपके डोळ्याला टोचतात. फिक्या शाईचे दाट ठिपके मिसळून जातात. तुमच्या प्रिंटरमध्ये कृष्णधवल छपाईची वेगळी सोय असेल तर ती जरूर वापरा. तीत रंगीत शायांचा वापर अगदी थोडा, चवीपुरता होतो.

कागदही गप्प बसत नाही. जास्त पांढरे दिसावेत म्हणून पुष्कळ कागदांत असे पदार्थ घातलेले असतात, जे उन्हातले अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश सोडतात. आपण निळीत बुडवलेला सदरा पांढरा मानतो, तेच इथे. काचेमागे किंवा अतिनील किरण नसलेल्या एलईडी दिव्याखाली हा निळसरपणा ओसरतो आणि तोच कागद पिवळट दिसू लागतो.

एवढं करून प्रिंट हातात आली तरी लगेच निकाल देऊ नका. ओली शाई वेगळी दिसते, वाळलेली वेगळी. अन्सेल अॅडम्ससारखा छपाईतला महागुरू डार्करूममध्ये नमुन्याच्या प्रिंट मायक्रोवेव्हमध्ये वाळवून पाहायचा, कारण वाळल्यावर चांदीचा कागद थोडा गडद होतो हे त्याला पक्कं माहीत होतं. इंकजेटलाही काही तास द्यावेत. शक्य असेल तर रात्रभर.

आणि सर्वांत शेवटी, दिवा. प्रिंट काटेकोरपणे तपासायची असेल तर आंतरराष्ट्रीय मानक २,००० लक्सचा प्रकाश सांगतं. संग्रहालयं नाजूक चित्रांवर ५० लक्सच्या आसपासच ठेवतात. चाळीसपट फरक! भरपूर उजेडात कड्यावरचं गवत पातं न् पातं दिसतं. मंद दिव्याखाली सर्वांत गडद दोन-तीन पायऱ्या मिटून जातात आणि कड्याची नुसती बाह्यरेषा उरते. दिवाणखान्याचा उजेड या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. म्हणून छापून देणारा चांगला कारागीर फाइल उघडण्याआधी तुम्हाला विचारतो, की हे चित्र कोणत्या भिंतीवर, कोणत्या दिव्याखाली लागणार आहे. उत्तर 'मंद उजेडाची खोली' असं असेल, तर तो सावल्या अर्धा स्टॉप वर उचलतो आणि मगच छपाईचं बटण दाबतो.